मीटरवरचं टोपडं

– नाही, तुमचं म्हणणं कळलं हो मला, तुम्ही नोकरीची माणसं, तुम्हाला इथेच उभं राहायला सांगितलंय – सगळं कळलं, पण आधी ती पाटी खाली घ्या. खाली म्हणजे अशी, पायाला टेकवून, अक्षरं आतल्या बाजूला. विमान अजून उतरलेलंसुद्धा नाही. ते वर लिहून येतंय ना, ते मलाही वाचता येतं, चष्मा आहे माझ्याकडे – मग आत्तापासून दाखवताय कुणाला? त्या कचऱ्याच्या डब्याला? मघाशी मी आले तेव्हाही तुम्ही अशीच छातीशी धरून उभे होतात, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. आणि मला ‘मावशी, जरा बाजूला सरका’ म्हणायचं काम नाही. मावशी कुणाची? या कठड्याला आधी मी हात लावलाय. आणि ते नाव, जे तुम्ही मिरवताय ना, ते माझ्या जावयाचं आहे. हो, माझ्या जावयाचं. एक काना खाल्लाय तुम्ही, पण आहे त्याचंच. पोटच्या मुलीच्या नवऱ्याचं नाव मला ओळखू येणार नाही? बघा, आता कशी पाटी खाली आली. जमतं की तुम्हाला.

काय आहे, मला तुमचा शर्ट बघूनच राग आला. एवढा पांढरा शर्ट गाडी चालवायला कशाला लागतो? गाडी चालवणाऱ्या माणसाच्या शर्टाला पाठीवर घडी पडते, ती इस्त्रीने जात नाही, मला विचारा, मी आयुष्यभर काढतेय ती घडी. तुमच्या पाठीवर घडी नाही. म्हणजे तुमची शीट थंडगार, मऊ, आणि गाडीत शिरलं की तो कसला तरी अत्तराचा वास – माझं डोकं दुखतं त्याने. पाण्याच्या छोट्या छोट्या बाटल्या ठेवलेल्या असतील. असतील ना? वाटलंच. नको, मला नको तुमची बाटली, ती त्यांच्यासाठी आहे, त्यांनाच द्या. दार उघडून धरायचं, ‘या सर, या मॅडम’ म्हणायचं, मग दार लावायचं ते पण आवाज न करता. आमच्या टॅक्सीचं दार जोरात ओढल्याशिवाय लागतच नाही. हे प्रत्येक भाड्याला सांगतात – जोरात, अजून जोरात, घाबरू नका, निघणार नाही हातात. ‘हे’ म्हणजे माझा नवरा. बाहेर टॅक्सीची रांग बघितलीत ना येताना? त्यात अगदी शेवटी जी उभी आहे, दारं पुसून चकचकीत केलेली, ती आमची.

शेवटी का, विचारा ना. विचारा. सकाळपासून इथे आहेत आणि अजून शेवटी. कारण रांगेचा नियम असा आहे की नंबर आला की समोर जो येईल त्याला घ्यायचं, तोंड बघायचं नाही, सामान बघायचं नाही, लांबचा आहे की जवळचा आहे बघायचं नाही. ज्याला घ्यायचं नसेल त्याने रांग सोडायची आणि फिरून मागे जाऊन लागायचं. तर हे काय करतायत – पुढे सरकतात, सरकतात, नंबर आला की मागच्याला म्हणतात, जा बाबा तू, आणि स्वतः वळसा घालून पुन्हा शेपटाला. पुन्हा सरकतात. पुन्हा वळसा. रांगेतले सगळे हसतायत त्यांना. पण आज आपला नंबर सोडणारा हा माणूस कसला खुशीत आहे म्हणून सांगू, हात बाहेर काढून एकेकाला सांगतोय – नातू येतोय, नातू. गाडी सोडून आत येता येत नाही रांगेतल्या माणसाला, गाडी उचलून नेतात लगेच, म्हणून मला धाडलंय इथे. तू जा, कठड्याला उभी राहा, दिसले की त्यांना तडक माझ्याकडे घेऊन ये. आणि इथे येऊन बघते तर तुम्ही. पाटी घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, दोन गाड्या कशा. चूक झाली असेल कुणाची तरी. झालीच आहे चूक. एक काम करा, तुम्ही निघा. मी आहे ना इथे, त्यांची आई आहे, मुलीची, मी सांगते त्यांना की तुमची गाडी बिघडली. टायर बसला म्हणते. तुमच्यावर ओरडा येणार नाही, टायर काय कुणाचाही बसतो. – का नाही? बघा हां, नन्नाचा पाढा लावू नका. तुमच्या त्या फोनमध्ये काय लिहून आलंय ते मला दाखवायची गरज नाही, मला माहीत आहे काय आलंय. हॉटेल ना? हॉटेलच. आणि माणसं चार. दोन मोठी, एक बाळ, आणि चौथी – चौथी मी. हो. काय झालं? चौथी सीट माझ्यासाठी सांगितलीय मुलीने. असे काय बघताय? मी काय म्हटलं होतं की मला काही माहीत नाही? मी नाही म्हटलं. तुम्ही विचारलंच नाहीत.

बरं, आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. परवा मुलीचा फोन आला. हे घरी नव्हते, बघून-सवरूनच करते ती. म्हणाली, आई, आम्ही विमानतळावरून गाडी सांगितलीय, बाबांना त्रास नको. म्हटलं, कसला त्रास, त्यांना विमानतळाचा कसला त्रास, जन्म गेला त्यांचा तिथे. तर म्हणते, तसं नाही गं, बाळाला ती वेगळी सीट लागते, पट्ट्याची, टॅक्सीत नसते. म्हटलं बरं. आणि घरी कधी येणार? तर घरी नंतर. आधी हॉटेल, बाळाला सवय नाही, आपलं घर एका खोलीचं, त्याची झोप, त्याचं दूध – सवडीने येऊ दोन दिवसांनी. तू मात्र ये आई, तू आमच्याबरोबर हॉटेलवर चल, मला एकटीला जमत नाहीये. हे म्हणताना रडली हो ती. ते खरं होतं, रडणं, ते मला कळतं. आणि मग हळूच – बाबांना सांग ना विमान दोन दिवस पुढे गेलं म्हणून. तू मैत्रिणीकडे, बहिणीकडे, कुणाकडे तरी जातेस म्हण. तू बघ ना आई काहीतरी. आणि मी म्हटलं, बघते. ‘बघते’ म्हटलं मी. पोटचं पोर रडायला लागलं की तुम्ही काय म्हणाल? तुम्हाला मुलं आहेत? मग तुम्हाला काय सांगतेय मी.

आणि ती पट्ट्याची सीट, ती आणली त्यांनी. माझ्या तोंडून एवढंच गेलं की बाळांना हल्ली तसली सीट लागते म्हणे – तर सगळ्या रांगेत विचारत फिरले, गॅरेजवाल्याकडे गेले, त्याच्या मेव्हण्याकडे अडगळीत पडली होती ती काढली, साबणाने धुतली, उन्हात ठेवली. पट्टा कुजलेला होता, तो मी शिवला नवीन. मी टॅक्स्यांची सीट कव्हरं शिवते घरी, सगळ्या रांगेच्या ढुंगणाखाली माझी शिलाई आहे, जाड कापड माझ्या हातचं आहे. तो पट्टा तुमच्या सगळ्या गाडीला लटकवला तरी तुटणार नाही. मागच्या शीटवर मधोमध बसवलीय, हलवून हलवून बघतात सारखे. म्हणजे मुलीने जे कारण सांगितलं ना, ते आता उरलेलंच नाही. पण ते कारण नव्हतंच. मला माहीत आहे ते नव्हतं, तिला माहीत आहे, जावयाला तर चांगलंच माहीत आहे. एकट्या ह्यांना माहीत नाही.

खरं कारण मीटर आहे. हसू नका. आधीच सांगते, हसलात तर ही पिशवी घालीन डोक्यात, सगळे हसतात याला. मुलीचं लग्न झालं तिकडेच, परदेशात, आम्हाला काही जाता आलं नाही, आणि मग ती जावयाला घेऊन पहिल्यांदा आली. हे गेले आणायला, मीही गेले. बसलो सगळे – ती दोघं मागे, मी पुढे ह्यांच्या शेजारी. बोलणं चाललंय, प्रवास कसा झाला, थंडी किती होती, मी तर सारखी वळून वळून मागेच बघतेय, जावई कधी पाहिला नव्हता ना. आणि इथून बाहेर पडताना ते फाटक आहे, टॅक्सीवाल्यांचं, तिथे माणूस वाकून बघतो मीटर टाकलाय की नाही, टाकला नसेल तर सोडत नाही. गाडी फाटकाशी आली, ह्यांचा हात गेला, मीटर टाकला. बस. सवयीचा हात. तुम्ही दार उघडता ना माणूस दिसला की, विचार करता का? तसा. त्यांना कळलं नाही, मला कळलं नाही, मुलीला कळलं नाही. मागे बसलेल्याला दिसतो मीटर, लाल आकडे पळताना दिसतात समोर. त्याला दिसले. सगळ्या रस्ताभर दिसले. तो बोलला नाही. आता तुम्ही सांगा, बोलायला काय झालं होतं? ‘बाबा, मीटर चालू राहिलाय’ – एवढंच. आम्ही चौघं हसलो असतो, ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता, विषय संपला असता. पण नाही. मूग गिळून बसला, आणि घर आलं, सामान काढलं, आणि हा खिशातून पाकीट काढतो आणि नोटा पुढे करतो. गंमत म्हणून. मुलगी म्हणते गंमत म्हणून. मीही म्हणते, असेल गंमत, वाईट मुलगा नाही तो, मुलीला फुलासारखा सांभाळतो. पण माणसाने गंमत करताना समोरच्याचा हात बघावा की नाही?

कारण ह्यांनी घेतल्या. कळतंय का? घेतल्या नोटा. सामान उतरवून दमलेले, डोळ्यांसमोर नोटा आल्या, हाताने घेतल्या. वरच्या खिशातले सुटे पैसे काढून परत दिले, बरोबर. आणि म्हणाले – म्हणाले, ‘पावती देऊ का, साहेब?’

जावयाला. साहेब.

मग जे हसू फुटलं त्याला. खांबाला धरून हसला. मुलगीपण हसली, आधी हसली, मग तिने बापाकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. हे तसेच उभे, पावतीचं बुक काढायला हात खिशात घातलेला, तो बाहेरच येईना. मी काय केलं? मी म्हटलं, चला चला, आत चला, चहा ठेवते. दुसरं काय सुचणार. रात्री जेवताना ह्यांनी त्या नोटा जावयाच्या ताटाशेजारी ठेवल्या, आणि तो म्हणाला, अहो राहू द्या, तुमच्या कष्टाचे आहेत. चांगल्या मनाने म्हणाला. मला त्या वेळी त्याच्या डोक्यात ते ताट घालावंसं वाटलं.

आणि तिथे संपलं असतं तर ठीक. पण त्याला ती गोष्ट सापडली ना सांगायला. तिकडे मित्र जमले की सांगतो – माझ्या सासऱ्याने मला भाडं लावलं. एकदा व्हिडिओवर बोलत होतो आम्ही, मागे त्याचे कुणी आले होते घरी, आणि मुलगी फोन तसाच टेबलावर ठेवून उठून गेली. ऐकू आलं सगळं. ‘पावती देऊ का साहेब’ – आवाज काढून, ह्यांचा आवाज काढून, वाकून वगैरे दाखवत असणार, कारण त्यानंतर जो हशा पिकला. हे इथे माझ्याशेजारी. ते उठले, बाहेर गेले, आणि टॅक्सीची काच पुसत बसले. काच स्वच्छ होती. तेव्हापासून हे जावयाला कसलीच हाक मारत नाहीत. नाव घेत नाहीत, तुम्ही म्हणत नाहीत, तू म्हणत नाहीत – ‘तिकडे कसं काय, हवा कशी’ असं भिंतीशी बोलल्यासारखं बोलतात. भीती वाटते त्यांना, परत साहेब येईल तोंडात. आणि मुलीला विचारलं मी परवा, सरळ विचारलं, तुला बापाची लाज वाटते का? तर म्हणाली, नाही गं आई, तसं नाही, पण बाबा त्यांच्यासमोर वाकतात, मला ते बघवत नाही. मग बघू नकोस, म्हटलं मनात. बापाला सरळ उभं करता येत नसेल तर निदान दुसऱ्या गाडीत बसून जा. बरोबरच केलंन् तिने. तुम्हाला पैसे देऊन ते न बघण्याची सोय केली.

उतरलं का? उतरलं. बघा, आकडे बदलले. राहू द्या, राहू द्या, पाटी आत्ता नाही उचलायची. अजून सामान यायचं, बाळाची गाडी यायची, कागद दाखवायचे, लगेच नाही येत कुणी. मला कळू द्या तरी मी काय करायचं ते.

कारण मी गेले होते ना सांगायला. तुम्हाला काय वाटलं, मी मघापासून इथेच आहे? तुम्हाला बघितलं, पाटी बघितली, म्हटलं झालं, गाडी आलीये, आता टाळता यायचं नाही. तशी उलट पावली बाहेर गेले, रांगेच्या शेवटी, मनात घोकत घोकत – विमान पुढे ढकललं, परवा येणार, तुम्ही भाडी घ्या, मी जरा बहिणीकडे जाऊन येते. घोकून पाठ केलं होतं. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, उगाच साधूपणा सांगत नाही, संसार काय खोटं न बोलता होतो? तर मी खिडकीशी गेले. हे म्हणाले, आलीस? उतरलं का? आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणतात, थांब, तुला गंमत दाखवतो, वाक जरा. वाकले. तर मीटरवर टोपडं. मी नातवासाठी विणलंय ते, पिवळं, गोंड्याचं, कालपर्यंत माझ्या पिशवीत होतं. ते ह्यांनी गुपचूप काढून मीटरवर चढवलंय, नाडी खाली व्यवस्थित बांधलीय, गाठ मारून. म्हणाले, ‘आता हात गेला ना, तरी टोपड्याला लागेल. लागलं की मला आठवेल.’ आणि हसले. मग म्हणाले, फाटकावरच्या माणसाला सांगून ठेवलंय, आज घरचं भाडं आहे, अडवू नको.

मी काय बोलणार होते, सांगा. तुम्ही असतात तर काय बोलला असतात? मी म्हटलं, चांगलं दिसतंय. आणि आले परत तुमच्याकडे.

तेव्हा मला तुमचा राग येऊ नये तर कुणाचा यावा? मुलीचा येतो, पण ती रडते. जावयाचा येतो, पण त्याला त्याचं काहीच नाही. ह्यांचा येतो – हो, ह्यांचापण येतो, का घेतल्या नोटा, का म्हणाले साहेब, एवढ्या वर्षांत एकदा तरी समोरच्या माणसाचं तोंड बघून गाडी चालवायची होती. तुम्ही आपले समोर सापडलात. पांढरा शर्ट घालून. अरे, तू – तू म्हणते हं आता, माझ्या धाकट्या भावाएवढा असशील – तू तरी जा ना इथून. खरंच जा. तुला काय, दुसरं भाडं मिळेल, तुझ्या मालकाला सांग गिऱ्हाईक सापडलं नाही. पाटीवर काना नव्हता, त्यांना वाचता आलं नाही. हे बघ, किती सोपं आहे. तू गेलास की ते इथे येतील, गाडी नाही, बाळ कडेवर, सामान एवढं, मी म्हणेन, चला बाहेर आपली टॅक्सी आहे, आणि मग काय करतील? बसतील. बाळ पट्ट्याच्या सीटवर, टोपडं समोर, हे गाडी काढतील हळूच. एकदा बसले की झालं. – ‘मावशी, मला जमणार नाही.’ हे बरं पाठ आहे तुला. मान खाली घालून सांगतोस तेही बरं.

मग मी येत नाही जा तुझ्या गाडीत. नाहीच येत. ने तू तिघांना. मी काय करीन माहीत आहे? टॅक्सीत जाऊन मागे बसेन, ह्यांना म्हणेन काढा ते टोपडं, टाका मीटर, आणि त्या पुढच्या काळ्या गाडीच्या मागे घ्या. तू जाशील तिथे आम्ही. हॉटेलच्या दारात गाडी लावू, तुझ्या गाडीला चिकटून, आणि जावई उतरला की मी सांगेन, आजोबा आलेत नातू बघायला, भाडं द्या. पावती मिळेल. हवी असेल तर मिळेल, साहेब. काय तोंड होईल त्याचं. तू बघशीलच, तू दार धरून उभा असशील ना.

कसलं काय. असं होत नाही. माझी मुलगी तिथे रस्त्यात उभी राहून रडेल आणि हे म्हणतील, चल घरी, त्यांना आराम करू दे. मला आधीच दिसतंय. आणि दुसरीकडे ती चौथी सीट. मला ते पोर घ्यायचंय रे. फोनवर बघून बघून माझे डोळे गेले, ती काच हातात धरून मुलीला म्हणायची मी, जरा जवळ ने, अजून जवळ, आणि मग नुसतं नाकच दिसायचं. तुझ्या गाडीत बसले की लगेच मांडीवर येईल. हॉटेलवर दोन दिवस माझ्याजवळच. ह्यांना कळणारही नाही, बहिणीला फोन करून ठेवलाय मी, ती सांभाळून घेईल. हो, केलाय फोन, सकाळीच केला, बहिणीला सांगून टाकलंय की विचारलं तर मी तुझ्याकडे. पिशवीत माझे दोन दिवसांचे कपडे आहेत. ही पिशवी मघापासून तुझ्या पायाशी ठेवलीय, तुला काय वाटलं, यात काय आहे? टोपडं तेवढं गेलं त्यातून, बाकी सगळं आहे. – बघतोस काय असा. तू गाडी चालव, माणसं तोलू नकोस. मला ठरवता येत नाहीये. सकाळपासून ठरवता येत नाहीये, म्हणून तुझ्याशी भांडतेय एवढा वेळ, नाहीतर मला काय हौस आहे.

थांब. ते बघ. दार उघडलं. ती निळ्या कोटातली – ती माझी. बारीक झालीये किती. गाल कुठे गेले हिचे? आणि तो तो, उंच, ढकलगाडी ढकलतोय तो, आणि बाळ – बाळ कुठाय – हां, त्याच्या छातीशी बांधलंय. बोडकंच आणलंय पोर, एवढ्या गार हवेत. डोकं दिसतंय का तुला? मला दिसतंय. केस आहेत. कपाळ बघ पुढे आलेलं, हे ह्यांचं कपाळ, शंभर पोरांत उचलून दाखवीन मी. त्या साहेबाच्या छातीवर आमचं कपाळ टेकून झोपलंय. अजून पाटी उचलू नकोस. ती बघतेय. मला शोधतेय... नाही, इकडे नाही बघत. तिकडे बघतेय, उजवीकडे, टॅक्सीवाले आत डोकावतात ना त्या दाराकडे. बापाला बघतेय. आलाय की काय म्हणून बघतेय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नाहीये गं, नाहीये तिथे, गाडी सोडून येता येत नाही त्याला.

पाहिलंस? खांदे खाली आले तिचे. एवढ्या लांबून दिसले मला. बाप दिसला नाही आणि माझ्या मुलीचे खांदे असे सैल झाले.

पाटी वर घे. घे म्हणते ना. मघाशी खाली घे म्हणत होते, आता वर घे म्हणते, डोकं फिरलंय माझं असं समज. अजून वर, इकडे, माझ्या तोंडासमोर धर. दिसता कामा नये मी. ती पिशवी दे इकडे. हां, आता वाचलं तिने, आली बघ वळून, काना नसला तरी वाचलं. फोन काढला. मला लावतेय. हा माझाच वाजतोय, पिशवीत. वाजू दे. तू नको बघूस पिशवीकडे, तू समोर बघ, हस जरा, तुझं गिऱ्हाईक आलंय. मी या खांबाच्या मागून निघते, रांग पुढे सरकली असेल, पुन्हा वळसा घालायच्या आत गाठलं पाहिजे ह्यांना. हळू चालव गाडी. मान धरली नसेल अजून त्याने नीट, वळणावर सांभाळ. आणि ती विचारेल, आई कुठे म्हणून, विचारेलच. तर म्हणावं, एक बाई उभ्या होत्या इथे, त्या टॅक्सीने गेल्या.